चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, हे धोक्याचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप ॲल्युमिनियम बॉडीचा आहे, चार्जिंगला असला की मनगटाला बारीक मुंग्या येतात, चार्जर काढला की थांबतात आणि टेस्टर लावला तर तोही पेटतो. मी यावल-भुसावळ भागात घरगुती वायरिंगची कामं करतो. उन्हाळा लागला की हा प्रश्न मला बरेच जण विचारतात.

लॅपटॉप बिघडलेला नाही. चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी बाजू वेगळ्या असतात, पण दोन्हींच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवतात. चार्जर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याची खरखर रेडिओसारख्या वस्तूंत शिरू नये म्हणून. त्याच कपॅसिटरमधून मेनचा थोडासा करंट पलीकडे झिरपतो. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला तर हिशेबाने ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास. दोन पिनांच्या चार्जरला मानकाप्रमाणे ०.२५ पर्यंत चालतो. मीटर लावला तर बॉडीवर शंभरेक व्होल्ट दिसतील, पण त्यामागे जोर नसतो. टेस्टरमधला निऑन मात्र एवढ्याशा करंटवरही पेटतो, त्यामुळे टेस्टर पाहून घाबरू नका.

बोट दाबून धरलं तर बहुतेक काहीच कळणार नाही. तेच हलकेच पत्र्यावरून फिरवा, गुळगुळीत बॉडी एकदम खरखरीत लागेल. अनवाणी असाल, फरशी ओली असेल, हाताला घाम असेल तर जास्त जाणवतं.

हे झालं चांगल्या चार्जरचं. त्यातला कपॅसिटर खास प्रकारचा असतो, बिघडलाच तर आतून तुटतो, शॉर्ट होत नाही. नकली चार्जरमध्ये तिथे साधा टाकलेला असू शकतो. म्हणून चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. मुंग्यांऐवजी झटका बसला, हात मागे खेचला गेला, तर तो चार्जर त्याच क्षणी बंद करा आणि पुन्हा लावू नका.

आता तुमचा प्लग बघा, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. दोन पिनांचा असेल तर वर सांगितलं तेच कारण. पण लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरमध्ये ती जाड, लांब पिन बहुतेक वेळा हा झिरपलेला करंट जमिनीत नेते. तरीही मुंग्या येत असतील तर घराच्या अर्थिंगवर पहिला संशय घ्या. जुन्या घरांत बोर्डाच्या वरच्या भोकाला मागे तारच नसते, हे मी कितीतरी वेळा उघडून पाहिलंय. तार असली तरी आपल्याकडे मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थची तार जिथे पुरलेली असते तो मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहावं लागतं.

लॅपटॉपपुरतं हे चालून जाईल, कूलरला चालणार नाही. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाण्यात बुडालेला पंप, समोर ओली फरशी. पंपाच्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि या वेळी त्यामागे जोर असतो. “भाऊ, कूलरले हात लावा का झटका लागस,” असा फोन आला की मी आधी मेन स्विच पाडायला सांगतो, मग निघतो.

तेव्हा वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तो फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघेल, पण बल्ब पूर्ण पेटला एवढ्यावर त्याला जाऊ देऊ नका. काही जण न्यूट्रलचीच तार वळवून अर्थच्या भोकाला जोडतात, तरीही बल्ब तसाच पेटतो. मग कधी न्यूट्रल तुटला तर तीन पिनांवरच्या प्रत्येक धातूच्या वस्तूत फेज येतो. बोर्ड उघडून अर्थची तार वेगळी खड्ड्यापर्यंत गेलीय का, हे डोळ्यांनी बघा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. तोपर्यंत कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भरू नका.