रात्रपाळीत एकटी सिस्टर असताना तीन पेशंट एकदम आले तर आधी कोणाकडे जायचं? मावशींना काय सांगायचं?

ओरडणाऱ्याकडे नाही, गप्प पडलेल्याकडे. भातकापणीत आमच्या रत्नागिरीकडे हे ठरलेलंच: कोयत्याने बोट कापलेला बोंबलतोय, तापलेलं पोर किरकिरतंय, आणि फुरसं (विषारी साप) चावलेली बाई कोपऱ्यात शांत. आधी ती. श्वास, नाडी, पापण्या जड होतायत का ते बघा, डॉक्टरांना फोन करा, मग २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवा, गोठतंय का ते बघायला. नळी नवीन हवी. आमच्या मावशींनी एकदा प्रेमाने साबणाने घासून ठेवली होती, रक्त गोठेचना!

बोटावर गॉज दाबायला नातेवाईक चालतो, ऑक्सिजनचा सिलिंडर मावशी आणतील. पण एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) लावली की सुरुवातीची १५ मिनिटं अ‍ॅड्रिनॅलिन (रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) भरून खाटेशी तुम्हीच. रिअ‍ॅक्शन ओळखणं मावशींवर सोडू नका.