पॉलिस्टायरीन : प्रयोगशाळेतून वारंवार येणाऱ्या शंका

टीबीसी (बाटलीतल्या स्टायरीनचे आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून घातलेला रोधक) काढलेले स्टायरीन, म्हणजे पॉलिस्टायरीनचा मोनोमर, नायट्रोजनखाली किती दिवस टिकते?

ठेवूच नका, धुतले त्याच दिवशी वापरा. १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने दोनदा धुवा, मग पाणी उदासीन येईपर्यंत पाण्याने, आणि निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर सुकवा. ‘नायट्रोजन भरला की काळजी मिटली’ ही ऐकीव माहिती टीबीसी असलेल्या बाटलीलाही लावली जाते, आणि तिथे ती उलटच ठरते: विरघळलेला ऑक्सिजन नसेल तर टीबीसी काम करत नाही. जुन्या बाटलीचा संशय आला तर दोन-चार थेंब मिथेनॉलमध्ये टाकून पाहा. गढूळपणा आला म्हणजे आत पॉलिमर बनू लागले आहे. अशी बाटली तापवायची नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवायची.

मोल्डिंगआधी दाणे सुकवावे लागतात का?

सहसा नाही, पाणी ०.१ टक्क्याहूनही कमी शोषले जाते. ग्रेडचे पत्रक पाहा.

५० मिलीच्या फ्लास्कमध्ये बल्क पॉलिमरायझेशन (पाणी किंवा द्रावक न घालता नुसत्या मोनोमरचे पॉलिमर करणे) छान झाले. आता तीच कृती २ लिटरला करू का?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की सविस्तर सांगतो.

स्टायरीनच्या पॉलिमरायझेशनमध्ये मोलमागे सुमारे ७० किलोज्यूल, म्हणजे किलोमागे जवळपास ६७० किलोज्यूल उष्णता निघते. ती बाहेर पडलीच नाही तर द्रवाचे तापमान ३०० अंशांहून अधिक चढू शकते, आणि स्टायरीन उकळते १४५ अंशांना. तुमचे घनफळ ४० पट वाढले, तर त्याच आकाराच्या फ्लास्कचा पृष्ठभाग जेमतेम १२ पट वाढतो. उष्णता तेवढ्याच वाटेने जायची असते.

त्यात जेल इफेक्टची भर पडते. द्रव घट्ट होत गेला की वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना भेटेनाशी होतात. साखळी बंद होणे मंदावते, पण मोनोमर मात्र सहज पोहोचत राहतो. म्हणून वेग अचानक वाढतो, आणि नेमका तेव्हाच ढवळणीचा दांडा अडकू लागतो. फ्लास्कबाहेरच्या बाथमधला थर्मामीटर तोवर शांत ८० दाखवत असतो. सेन्सर द्रवाच्या मध्यभागी हवा. १०० अंशांपुढे तर स्टायरीन आरंभकाशिवायही (साखळ्या सुरू करणाऱ्या बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या रसायनाशिवायही) पुरेशा वेगाने पॉलिमर होते, त्यामुळे ‘बेंझॉइल पेरॉक्साइड कमी घातले आहे’ याने वाढलेले तापमान आवरत नाही. तोंड बंद केलेला फ्लास्क तर अक्षम्य.

जास्त माल हवा असेल तर सस्पेन्शनकडे वळा, म्हणजे मोनोमरचे थेंब पाण्यात ढवळत ठेवून त्यांचे मणी करा: मोनोमरच्या तिप्पट-चौपट पाणी, पाण्यात थोडे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, कंडेन्सर उघडा. उष्णता पाणी घेते. मण्यांचा चिकट टप्पा ओलांडेपर्यंत ढवळणे एक क्षणही थांबू देऊ नका, नाहीतर सगळ्यांचा एकच गोळा होतो. तरीही पहिली २ लिटरची बॅच अनुभवी व्यक्ती शेजारी असल्याशिवाय आणि उष्णतेचा हिशेब तपासून घेतल्याशिवाय घेऊ नका.

डीएससीमध्ये (नमुना तापवून उष्णतेची नोंद घेणाऱ्या चाचणीत) टीजी, म्हणजे कडक पॉलिमर मऊ होऊ लागतो ते तापमान, ८८ अंश आला. नमुना बिघडला का?

बहुधा मोनोमर किंवा द्रावक अडकले आहे. तेच प्लॅस्टिसायझरचे, म्हणजे पॉलिमर मऊ करण्याचे, काम करते. टोल्यूइनमध्ये ५ टक्के द्रावण करा, ते दहापट मिथेनॉलमध्ये ढवळत बारीक धारेने ओता आणि निर्वातात ६० अंशांवर रात्रभर सुकवा. घट्ट द्रावण ओतले तर गोळे होतात आणि आतले द्रावक आतच राहते. मग दुसऱ्या तापवण्याच्या रनमधला आकडा घ्या. तो १०० च्या आसपास आला नाही तर रेणुभार कमी असू शकतो. जीपीसी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून रेणुभार काढणारी चाचणी) करून घ्या.

विक्रेता म्हणतो, त्याची पावडर घातली की पॉलिस्टायरीन कुजते. घेऊ का?

आधी अहवाल मागा. मुख्य साखळी कार्बन-कार्बन बंधांची आहे, पाण्याने तुटेल असा दुवा त्यात नाही. तुकडे पडणे किंवा वजन घटणे हा पुरावा नव्हे. स्टार्च मिसळला असेल तर सूक्ष्मजीव तोच खातात. पॉलिस्टायरीनमधलाच कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये गेला हे बिनपावडरच्या नमुन्याशी तुलना करून दाखवले आहे का, ते पाहा. ‘खास तंत्रज्ञान, तपशील गोपनीय’ असे उत्तर आले तर पैसे देऊ नका. अहवाल मिळालाच तर स्वतंत्र प्रयोगशाळेकडून वाचून घ्या.

दोन ठिकाणच्या जीपीसीत एमएन (साखळ्यांच्या संख्येनुसार सरासरी रेणुभार) वेगळा येतो, एमडब्ल्यू (वजनानुसार सरासरी) जवळपास सारखा. का?

बेसलाइन, म्हणजे आलेखाची शून्यरेषा कुठे धरली ते. एमएन आलेखाच्या शेपटीतल्या लहान साखळ्यांवर फार अवलंबून असतो. दोघांकडूनही मूळ क्रोमॅटोग्राम (जीपीसीचा आलेख) आणि इंटिग्रेशनच्या सीमा (आलेखाचा कुठून कुठपर्यंतचा भाग मोजला ते) मागून घ्या.