रंगाच्या आधी गच्ची बघा

प्रश्न : आमचं गणेश मंडळ मे महिन्यात महापालिकेची शाळा आणि तिच्या आवारातली बालवाडी रंगवून देणार आहे. भिंतींना कमरेपर्यंत ओल आहे. पुट्टीचे दोन हात पुरतील का?
— एक कार्यकर्ता, कसबा पेठ

उत्तर : नाही. पुट्टीखाली ओल तशीच राहते आणि पावसाळ्यात पोपडे सुटतात. छताजवळचे डाग गच्चीचे, खिडकीच्या कोपऱ्यातले छज्ज्याचे. कमरेपर्यंत बारमाही ओल आणि पांढरी क्षाराची पूड दिसली, तर पाणी जमिनीतून चढतंय. जवळ गळका नळ किंवा तुंबलेलं गटार नाही ना, तेही बघा. पेठांतल्या जुन्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की पाण्याला बाहेर सुकायला वाव राहत नाही, ओल आणखी वर सरकते. ओलीच्या रेषेवर फूटभर जागा धरून गिलावा काढा, सांधे घासा, चुन्याचाच गिलावा करा आणि त्यावर चुन्याची सफेदी. ऑइल पेंट अजिबात नको.

गच्चीच्या कठड्यातला पिंपळ नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. मूळ काढून भेग भरा. कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या पाणीरोधक थराला, 100 फुटांत 1 फूट उतार हवा आणि कठडा जिथे गच्चीला मिळतो तो कोपरा गिलाव्याने गोलसर केलेला (वाटा) हवा. काम झाल्यावर पन्हळीचं तोंड बुजवून 48 तास पाणी साठवून बघा. असं पाणी फक्त काँक्रीटच्या स्लॅबवर साठवा, लाकडी माळवदावर (लाकूड-मातीच्या जुन्या छतावर) कधीही नाही.

कोरड्या भिंतींचा हिशेब असा : 20 बाय 25 फुटांचा, 10 फूट उंचीचा वर्ग म्हणजे दारं-खिडक्या वजा जाता सुमारे 750 चौरस फूट. पुट्टीच्या 40 किलोच्या दोन गोण्या, दोन हातांना साधारण 8 लिटर इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग). सिमेंटचा नवा गिलावा सुमारे 28 दिवस सुकू द्यावा लागतो, म्हणून तो परीक्षा संपताच करा. मेच्या मध्यावर सुरू केला तर शाळा उघडायच्या आत रंग बसणार नाही. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून खरवडा, पोपडे पोत्यात भरा. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भागांच्या) आत असल्याचा उल्लेख बघून घ्या.

प्रश्न : बालवाडीत आणखी काय करावं? जोतं दीड फूट आहे.

उत्तर : रॅम्प, 1:12 उताराचा. दीड फुटाला 18 फूट लांबी लागते. जागा नाही म्हणून कंत्राटदार सहा फुटांत उरकतात, तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवा. हात धुण्याची बेसिन्स 18 ते 20 इंचांवर, प्लगचे सॉकेट पाच फुटांवर. स्वच्छतागृहात खडबडीत फरशी बसवा. चकचकीत टाइल ओली झाली की मुलं पडतात. मुलांच्या दाराला आतून कडी नको.

प्रश्न : मुख्याध्यापकांची तोंडी संमती चालेल?

उत्तर : चालणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि इमारत महापालिकेची, म्हणून तिची लेखी परवानगीही. भिंत फोडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. देणगीदारांनाही सांगून ठेवा : रंगाचे डबे दिले तर आयकरात सवलत मिळत नाही.