रोइंग की ड्रॅगन बोट? आधी पोहायला शिका

महिनाभर एकच गोंधळ पत्रांतून येतोय: दोन्हीकडे बोट, दोन्हीकडे वल्हे, मग नवशिक्याने जायचे कुठे? निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : दोन्ही खेळांत नेमका फरक काय?
रोइंगमध्ये आपण जिकडे जातो तिकडे पाठ असते, बैठक मागेपुढे सरकते, वल्हे बोटीला अडकवलेले असते आणि जोर मुख्यतः पायांचा. ड्रॅगन बोटीत तोंड पुढे, वल्हे सुटे. वीस जण जोडीजोडीने बसतात, पुढे ढोल वाजवणारा, मागे सुकाणू धरणारा.

प्रश्न : वय 44, दिवसभर खुर्चीत बसून काम. सिंगापूरला राहते. सुरुवात कुठून करू?
ड्रॅगन बोटीतून. तिथल्या कलांग नदीच्या पाण्यात पहिल्याच दिवशी वल्हे मारायला लागाल. रोइंगच्या एकट्याच्या बोटीत नुसता तोल साधायलाच कितीतरी दिवस जातात. मात्र ड्रॅगन बोटीत वल्हे एकाच बाजूने मारावे लागते, म्हणून अधूनमधून बाजू बदलून मागा. कंबर किंवा खांदा आधीच दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय बसू नका.

प्रश्न : उंची 5 फूट 3 इंच आहे. रोइंग जमेल?
जमेल.

प्रश्न : पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट असतेच. मग काय हरकत?
हरकत आहे, आणि मोठी आहे. रोइंगच्या अरुंद बोटीत सरावाला बहुतेक जण जॅकेट घालतच नाहीत. पाय बोटीत बसवलेल्या बुटांत अडकलेले असतात. बुटाच्या टाचेला एक छोटी दोरी असते. बोट उलटली की ती दोरी टाच धरून ठेवते आणि पाय बुटातून निसटतो. दोरी सैल किंवा तुटलेली असेल, तर बूट पायाबरोबर वर येतो आणि माणूस पाण्याखाली अडकतो. म्हणून बसण्याआधी दोन्ही टाचा स्वतः उचलून बघा. दोन-तीन बोटांपेक्षा वर आल्या, तर त्या बोटीत बसू नका, प्रशिक्षक कितीही घाई करो.

आणि ‘मला पोहता येते, मग जॅकेट कशाला’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. नोव्हेंबर 2007 मध्ये कंबोडियात टोनले साप नदीवर सिंगापूरच्या ड्रॅगन बोट संघाची बोट शर्यतीनंतर उलटली. 22 जणांपैकी पाच तरुण बुडाले. सराईत खेळाडू होते, अंगावर जॅकेट नव्हते आणि नदीला ओढ होती. आपल्याकडे पावसाळ्यात धरणातून पाणी सोडतात तेव्हा पुण्याच्या मुठा नदीलाही अशीच ओढ असते. पोहणे ‘नंतर बघू’ म्हणून ढकलू नका. आधी तलावावर प्रशिक्षकाकडून शिका, मग बोटीकडे या.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. हाताला सूज येईल म्हणून वल्हे मारू नको, असे सगळे सांगतात.
हे ‘सगळे’ कोण? कॅनडात व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी 1996 मध्ये अशा 24 जणींना तयारी करून घेऊन ड्रॅगन बोटीत बसवले. कुणाच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. आज अशा महिलांचे संघ अनेक देशांत आहेत. पण त्यांनी मजल हळूहळू वाढवली होती. शेजारणीचे ऐकू नका, शल्यचिकित्सकांना विचारा आणि त्यांचा होकार आल्यावरच सुरुवात करा.

प्रश्न : ‘तीन महिन्यांत राज्य पातळीचे प्रमाणपत्र, 10वीला वाढीव गुण हमखास’ अशी एका शिबिराची जाहिरात आहे. मुलाला घालू का?
नको. राज्य पातळी स्पर्धेत उतरून मिळते, शिबिराची फी भरून नाही. दुष्काळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने लष्करात गेल्यावर रोइंग सुरू केले, 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण मिळवले. त्यामागे रोजची पहाट होती. कुठल्या खेळाच्या कुठल्या स्पर्धेला गुण मिळतात, हे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लेखी विचारा.