घरातल्या जुन्या सीडी-डीव्हीडी आता फेकून द्याव्यात का?

मुळीच फेकू नका. खरं तर उत्तर इथेच संपलं असतं, पण तुम्ही लिहिलंय, 'मुलगा म्हणतो, सगळं पेन ड्राइव्हवर घ्या आणि कपाट मोकळं करा.' ते वाचून आमच्या दादाचा आवाज कानात आला.

इंदूरला रामबागेतल्या घरी आजोबांकडे गाण्याच्या बैठका व्हायच्या. बाबांनी त्यांच्या कॅसेट जेल रोडवरच्या दुकानातून सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. एका दिवाळीच्या साफसफाईत दादाने तो अख्खा गठ्ठा सुक्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबला. "हार्ड डिस्कवर घेतलंय रे सगळं. शहर स्वच्छतेत नंबर वन आहे, घरही होऊ दे!" कचरागाडी वाजत गल्लीत शिरली तेवढ्यात मी पिशवी आत ओढली. वहिनी बरेच दिवस घुश्शात होत्या. पुढे हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि नुसती टकटक करत बसली. सीडी लावल्या, तर आजोबांची 'क्या बात है' आणि मागची कपबश्यांची खणखणसुद्धा जशीच्या तशी.

ज्या वाजल्या नाहीत, त्यांवर दादाने बॉलपेनने नावं कोरली होती. लोक सीडीची खालची बाजू जपतात, पण तिथे १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट असतं. ज्यावरून गाणं वाचलं जातं तो चकाकणारा थर वरच्या अंगाला असतो, लाखेच्या पातळ लेपाखाली. खालचा बारीकसारीक ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची माहिती तो हिशोबाने भरून काढतो. वरून टोक लागलं की संपलं. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा सोशिक.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्सने बाजारात आणलेली सीडी आजच्या बहुतेक ब्लू-रे प्लेअरवरही वाजते. पासवर्ड नाही, महिन्याचे पैसे नाहीत.

हां, एक आहे. घरी किंवा दुकानात 'राइट' केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उकाड्याने तो खराब होतो, त्यामुळे तिची प्रत काढाच. कारखान्यात छापलेल्या सीडीला ही भीती नाही. यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह आत्ताच घेऊन ठेवा, नव्या लॅपटॉपमध्ये तो सहसा येत नाही. आणि गाण्यांची प्रत एमपी३मध्ये नको, त्यात आवाजाचा काही भाग गळतो; जशीच्या तशी वेव्हमध्ये घ्या. भरलेली सीडी जेमतेम ८०० एमबीची. दादाने जागा वाचवायला एमपी३ केलं होतं, तेही एक टेराबाइटच्या डिस्कवर.