आईसमोर काय बोलू, असं तू विचारलंस

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, अपस्मार म्हणजे फिट्सचा आजार, महिन्यातून एखाद्या रात्री झोपेत मोठी, सगळं अंग झटके देणारी आकडी येते. झोपेत आकडी येऊन माणूस दगावू शकतो, हे त्याच्या आईला सांगायचं का, असा तुझा प्रश्न. तुझे वरिष्ठ म्हणाले, "कायदा एवढं मागत नाही, उगाच घाबरवू नकोस."

आधी कायद्याचं बघू. समीरा कोहली खटल्यात २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उपचार काय आहे, त्याचे फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे डॉक्टरनं पेशंटला सांगायला हवं. मात्र क्वचित घडणाऱ्या, दूरच्या शक्यता सांगायची सक्ती त्या निकालात नाही. तुझे वरिष्ठ यावरच टेकले असणार. ब्रिटनमधला विचार पुढे गेला. मॉन्टगोमेरी खटल्यात २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पेशंटच्या बाजूनं प्रश्न विचारला: समोरच्या माणसाला ही माहिती महत्त्वाची वाटली असती का? त्याआधी २०११ मध्ये स्कॉटलंडमध्ये अपस्मारानं अचानक गेलेल्या दोन तरुण मुलींच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. निदानाच्या वेळीच किंवा लगेच नंतर बहुतेक पेशंटना हा धोका सांगावा, असा तिचा निष्कर्ष होता.

आता 'दूरची शक्यता' म्हणजे किती दूर, ते बघ. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अपस्मार असलेल्या १००० प्रौढांमागे वर्षाला एकाचा असा मृत्यू होतो, लहान मुलांत ४५०० मागे एकाचा. पण तुझा पेशंट या सरासरीत बसत नाही. वर्षाला तीन किंवा अधिक मोठ्या आकड्या येत असतील, तर अशा आकड्या न येणाऱ्यांपेक्षा हाच धोका सुमारे पंधरा पट होतो. त्याला वर्षाला डझनभर येतात. त्याच्यासाठी ही शक्यता दूरची उरते का, तूच सांग.

माझ्या हातून झालेली चूक तुला सांगते. प्रॅक्टिस सुरू करून थोडीच वर्षं झाली होती. असाच एक पोरगा माझ्याकडे यायचा. मी कागदावर लिहायची, 'गोळी चुकवू नका', आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. ती चुकवली तर काय होईल, हे एकदाही बोलले नाही. गणपतीत जागरणं झाली, गोळ्या राहिल्या, आणि एका सकाळी तो उठलाच नाही. तेरावं झाल्यावर त्याची आई उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून आली. म्हणाली, "मॅडम, कुणाला लागल्या तर द्या." पिशवी टेबलावर ठेवली आणि जाता जाता बोलली, "एवढं ठाऊक असतं, तर रोज माझ्या हातानं दिली असती." पट्ट्यांमधल्या न फोडलेल्या गोळ्या मी नंतर मोजल्या. चौदा होत्या.

म्हणून सांग. घाईत नको, दारात उभ्यानं नको. सुरुवात मोठ्या संख्येनं कर: मावशी, असा त्रास असलेल्या हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव जणांना वर्षभरात हे होत नाही. मग म्हण, तुमच्या मुलाला फिट वरचेवर येतात म्हणून त्याला धोका जास्त आहे, आणि फिट थांबल्या की तो कमी होतो. गोळी वेळेवर, झोप पुरेशी, रात्री खोलीत कुणीतरी. फिट आली तर चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. विहीर, पोहणं, मोटारसायकल हे त्याच बैठकीत बोलून घे. आई रडेल. रडू दे, पाणी दे, आणि तिनं काय ऐकलं ते तिच्याच शब्दांत सांगायला लाव.

मुलींच्या बाबतीत आपण आणखी गप्प बसतो, याची मला फार चीड आहे. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध लिहिताना ती पंचवीस वर्षांची आहे, उद्या दिवस जातील, हे बोलायलाच हवं. या औषधावर असलेल्या आईच्या शंभरातल्या दहाएक बाळांत जन्मतः मोठा दोष असतो, आणि तीस ते चाळीस जणांच्या वाढीवर, बुद्धीवर परिणाम दिसतो. पण हेही त्याच दमात सांग की गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, बदलायची तर माझ्याकडे येऊन. सासरी कळू नये म्हणून पावडरच्या डब्यात गोळ्या लपवणाऱ्या आणि शेवटी सोडून देणाऱ्या मुली मी पाहिल्यात. अपस्मार असेल तर हिंदू विवाहाला अडसर, ही कायद्यातली अट १९९९ सालीच निघाली. किती आईबापांना हे ठाऊक आहे?

जे सांगितलंस ते केसपेपरवर तारखेसकट लिही. आणि त्या मुलाला पुढच्या वेळी बोलावशील तेव्हा वडिलांनाही आणायला सांग, रिकाम्या पट्ट्यांसकट.

तुझी,
मॅडम