अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने बंदुकीचे कायदे कडक केले की तिथले बंदूकवाले प्रत्यक्षात काय करतात?

तुम्ही प्रश्नाखाली दोन शक्यता लिहिल्या आहेत: एक तर हे लोक रस्त्यावर उतरत असतील, नाहीतर मुकाट्याने बंदुका जमा करत असतील. मी इलिनॉयमध्ये, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलच्या आसपास राहतो. इथे २०२३ मध्ये असा कायदा आला तेव्हा या दोन्हींपैकी काहीच झालं नाही. माझ्याकडे एक पिस्तूल आहे, अधूनमधून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जातो, तिथल्या गप्पा कानावर पडतात. त्यामुळे फक्त इथलंच सांगतो. टेक्साससारख्या राज्यात कायदे सैल होत चाललेत, तिथला अनुभव मला नाही.

आधी कायदा काय ते सांगतो. ४ जुलै २०२२ ला शिकागोच्या उत्तरेच्या हायलंड पार्क गावात स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर एकाने छपरावरून गोळीबार केला. सात माणसं गेली, कित्येक जखमी झाली. त्यानंतर सहा महिन्यांनी, १० जानेवारी २०२३ ला, गव्हर्नर प्रिट्झकर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि तो त्याच दिवशी लागू झाला. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफलींची विक्री बंद. रायफलीला दहापेक्षा आणि पिस्तुलाला पंधरापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीला लागणारी गोळ्यांची पेटी) विकणं बंद. ज्यांच्याकडे अशा रायफली आधीपासून होत्या त्यांना त्या ठेवता येतील, पण १ जानेवारी २०२४ च्या आत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रतिज्ञापत्र भरायचं: बंदुकीची कंपनी, मॉडेल, कॅलिबर, अनुक्रमांक. म्हणजे बंदूक जमा करा असं कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. भारतातल्या बातम्यांत हा भाग बहुधा गळतो.

पहिली प्रतिक्रिया कुठल्याही राज्यात एकच असते: खरेदी. विधेयक येणार अशी कुणकुण लागली की दुकानासमोर गाड्या लावायला जागा उरत नाही. ज्यांना कधी रायफल नको होती तेही "पुढे मिळणार नाही" म्हणून घेऊन ठेवतात. कायदा कमी बंदुकांसाठी करायचा आणि त्याच्या आदल्या महिन्यात विक्री वाढवायची, हा प्रकार इथे इतक्या वेळा झालाय की दुकानदार त्याचा हिशेब धरूनच माल भरतात.

आमच्याकडे तर ही गर्दी दोनदा झाली. २८ एप्रिल २०२३ ला, शुक्रवारी, दक्षिण इलिनॉयच्या फेडरल कोर्टातले न्यायाधीश मॅकग्लिन यांनी कायद्याला स्थगिती दिली. लगेच दुकानं पुन्हा सुरू. पण इलिनॉयमध्ये पैसे भरल्यावर बंदूक हातात मिळायला ७२ तास थांबावं लागतं, त्यामुळे शुक्रवारी घेतलेली रायफल सोमवारी मिळणार. गुरुवारी, ४ मे ला, वरच्या कोर्टाने ती स्थगिती उठवली आणि खिडकी बंद. त्या आठवड्यात दुकानदार लोकांना बंदुकीपेक्षा घड्याळच जास्त दाखवत होते. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये मॅगझिनच्या बाबतीत असाच एक आठवडा मिळाला होता, त्याला तिथले बंदूकवाले आजही "फ्रीडम वीक" म्हणतात.

या सगळ्यात ते चिडतात कशावर? "सरकार आमच्या बंदुका काढून घेणार" ही घोषणा झाली, पण रेंजवर ऐकू येते ती तक्रार वेगळी असते आणि जास्त टोकदार असते. हायलंड पार्कच्या हल्लेखोराने रायफल दुकानातून रीतसर घेतली होती. इलिनॉयमध्ये बंदूक किंवा गोळ्या घ्यायच्या तर आधी राज्य पोलिसांचं फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र) लागतं, १९६८ पासून. २०१९ मध्ये या मुलाने घरच्यांना मारण्याची धमकी दिल्यावर पोलिसांनी त्याच्या घरून सुरे जप्त केले होते. तरी काही महिन्यांतच त्याला कार्ड मिळालं, कारण तो २१ वर्षांच्या आत होता आणि वडिलांनी त्याच्यासाठी हमीची सही केली. धोकादायक माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने बंदुका काढून घेण्याचा वेगळा कायदाही तेव्हा राज्यात लागू होता. कुणी वापरलाच नाही. "होते ते कायदे वापरले नाहीत, आणि आता माझ्या तिजोरीतल्या रायफलीचा नंबर मागता?" असं एक म्हातारा इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, आणि मला त्याला खोडता आलं नाही.

दुसरीकडे, हायलंड पार्क गावात अशा रायफलींवर २०१३ पासूनच गावापुरती बंदी होती. बंदूकवाले म्हणतात, बघा, बंदीने काय थांबलं? बंदीवाले म्हणतात, बघा, शेजारच्या गावात मिळत असेल तर एका गावाने बंदी घालून काय होणार, राज्यभरच हवी. घटना एकच, पुरावा दोघांचाही. आमच्या नेपरव्हिलनेही ऑगस्ट २०२२ मध्ये शहरापुरती विक्रीबंदी केली, राज्याच्या आधी. त्यावर लगेच एका दुकानदाराने फेडरल कोर्टात दावा लावला. नेपरव्हिलमध्ये भारतीय वस्ती भरपूर, आणि आपल्या ओळखीतले बहुतेक बंदीच्या बाजूचे. शाळेत मुलांना बाकाखाली लपायचा सराव करावा लागतो हे ज्या आईबापांनी ऐकलंय त्यांच्याशी बंदूक बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर वाद घालायची माझी तरी छाती नाही.

बंडासारखं जे दिसतं ते खरं तर शेरीफ लोकांचं. इलिनॉयमध्ये १०२ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आणि प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, निवडून येतो. कायदा आल्यावर काही दिवसांतच त्यांच्यातल्या बहुतेकांनी जवळपास एकाच मसुद्याची पत्रकं काढली: केवळ नोंदणी केली नाही म्हणून आम्ही कुणाला अटक करणार नाही, तपासायलाही जाणार नाही. दक्षिणेकडच्या शेतीभागात हे अपेक्षितच होतं, पण आमच्या ड्युपेज काउंटीच्या शेरीफनेही तेच म्हटल्यावर इथे बरीच खडाजंगी झाली. या पवित्र्याचं मूळ गमतीशीर आहे. शिकागो शहर कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी स्वतःला "सँक्च्युअरी सिटी" म्हणवतं, म्हणजे फेडरल यंत्रणेला मदत न करणारं. २०१८ मध्ये इलिनॉयच्याच एफिंगहॅम काउंटीने तोच शब्द उचलला आणि ठराव केला की आम्ही बंदूकवाल्यांची सँक्च्युअरी. ती कल्पना पुढे देशभर पसरली. २० जानेवारी २०२० ला व्हर्जिनियात रिचमंडला हजारो लोक बंदुका घेऊन जमले होते, बंदुका घेऊन रस्त्यावर उतरलेल्यांची जी चित्रं तिकडे दिसतात ती बहुधा तिथलीच. तो मेळावा शांततेत पार पडला, आणि रायफलबंदीचं तिथलं विधेयक त्या वर्षी समितीतच अडकलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नोंदणी. मुदत संपली तेव्हा राज्यात फॉइड कार्डधारक होते २४ लाखांच्या वर, आणि प्रतिज्ञापत्र भरणारे सुमारे २९ हजार. म्हणजे शंभरात सव्वा. हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला गेला, पण जपून वाचायला हवा, कारण प्रत्येक कार्डधारकाकडे अशी रायफल नसते. माझ्याकडेही नाही. कुणाकडे आहे याची यादी राज्याकडे आधी नव्हतीच. कार्ड माणसाचं असतं, बंदुकीचं नसतं. विक्रीचा फेडरल फॉर्म दुकानदाराकडे राहतो. तरी २९ हजार फारच थोडे, यात शंका नाही. न्यूयॉर्कनेही २०१३ मध्ये असाच कायदा केला होता आणि तिथे साधारण २४ हजार लोकांनी नोंद केली. तिथेही बाकीचे गप्प राहिले.

गप्प राहणाऱ्यांची कारणं एकसारखी नसतात. काहींना यादीचीच भीती: आज नंबर लिहून दिला की उद्या तीच यादी घेऊन दाराशी येतील. काहींना वाटलं की कोर्ट कायदा उडवणारच आहे, मग कशाला घाई. हे अगदीच खुळं नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅकग्लिन यांनी कायदा घटनाबाह्य ठरवलाही, पण वरच्या कोर्टाने त्या निकालाची अंमलबजावणी थांबवली आणि कायदा चालू राहिला. बऱ्याच जणांना आपली वस्तू यात बसते की नाही हेच कळलं नाही, कारण नुसत्या रायफली नाहीत, काही सुटे भागही नोंदवायचे होते, आणि त्याचे नियम मुदतीच्या जेमतेम तीन महिने आधी आले. आणि पोलीस, निवृत्त पोलीस, तुरुंगाचे रक्षक यांना सूट दिली होती, त्याचा राग वेगळाच. "निवृत्त झाल्यावर तो माझ्यासारखाच ना?" हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकलाय. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हा समानतेचा मुद्दा गेला होता. कायदा टिकला, पण ४ विरुद्ध ३ मतांनी.

मला विचाराल तर विक्रीबंदी दुकानाच्या काउंटरवर लागू होते, कारण दुकानदाराला परवाना गमवायचा नसतो. नोंदणी मात्र घरात बसलेल्या माणसाच्या मर्जीवर आहे, आणि राज्याने त्याच्याशी आधी विश्वासाचं नातं जोडलेलं नाही. पहिला भाग चालतो, दुसरा कागदावर राहतो. घरोघर तपासणी झालेली नाही, आणि कुठलंही सरकार ती करेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे हे चित्र डोळ्यांपुढे आणणं कठीण. आमच्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात, रानडुकरं आणि वानरं हाकायला. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नसते अशी कुरकुर होते, तालुक्याला निवेदन जातं, आणि बंदूक निमूट जमा होते. भारतात परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. इथे बंदूक हा घटनेतला हक्क आहे आणि परवाना त्याच्या आड आलेला, असं माणूस धरून चालतो.

भरणारे २९ हजार कोण, हेही बघण्यासारखं. माझ्या ओळखीतल्यांपैकी भरले ते दोन तऱ्हेचे. एक, नेमबाजीच्या स्पर्धांना जाणारे, कारण नोंद नसलेली रायफल रेंजवर नेणं म्हणजे आ बैल मुझे मार. दुसरे, ज्यांना गमावण्यासारखं फार काही आहे असे: नर्स, फार्मासिस्ट, सरकारी कंत्राटावर काम करणारे, आणि आपण, म्हणजे बाहेरून आलेले भारतीय. माझ्या एका तेलुगू सहकाऱ्याने २०२० च्या धांदलीत एआर-१५ घेतली होती. तो ग्रीन कार्डवर, म्हणजे कायमचा रहिवासी पण नागरिक नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदणीचं संकेतस्थळ उघडलं आणि त्याने पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरून टाकला. नोंद न करता पहिल्यांदा सापडलं तर इथल्या माणसाला तो किरकोळ गुन्हा. पण नागरिक नसलेल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याचं ते कारण होऊ शकतं. त्याचा गोरा मित्र मात्र नोंद न करता बसलाय. दोघांची मतं शंभर टक्के सारखी आहेत, रेंजवर शेजारी उभे राहतात.

यावरून एक सांगायचं राहिलं. तुम्ही किंवा तुमचं कुणी एच-१बी व्हिसावर इथे येणार असेल तर फेडरल कायद्याने त्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात धरली जाते. अमेरिकेत काढलेला शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे. ऑफिसातली मंडळी शुक्रवारी संध्याकाळी "चल, मजा येईल" म्हणून घेऊन जातात, रेंजवाला फक्त ड्रायव्हिंग लायसन्स बघतो, आणि पोरं फोटो टाकतात. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत बाहेर बसून कॉफी प्या, किंवा आधी वकिलाला विचारा.